औषधाची बाटली उघडण्याआधी पाणी बघा



आज भाताची नोंद नाही, शोभेच्या माशांची आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटत नसेल त्यांचा वेळ वाचेल. आपल्याकडे काचेच्या पेटीतला किंवा परसातल्या हौदातला मासा मेला की आपण रोगाला दोष देतो. पण मी जेवढे हौद बघितले, त्यांत रोगापेक्षा खराब पाण्याने आणि न बघता ओतलेल्या औषधाने मेलेले मासे जास्त दिसले. औषध वाईट नाही. निदानाआधी दिलेलं औषध वाईट.

कुणी म्हणेल, शेतकऱ्याच्या पानावर रंगीत माशांचं काय काम? काम आहे. आपल्या उरण तालुक्यात बंदर आलं, सिडको आली, बऱ्याच घरांची भातशेती गेली किंवा तुकड्यावर आली. जी राहिली ती खारबंदिस्तीच्या भरवशावर. बांध फुटला, उघाडी गळायला लागली की खारं पाणी आत, आणि पुढचे दोन-तीन हंगाम हातचे गेले. अशा वेळी कुणी तळ्यात जिताडा सोडतो, कुणी कोलंबी बघतो. आता पोरं आणि बचत गटातल्या बायका परसात सिमेंटचे हौद बांधून गप्पी, मॉली, गोल्डफिश करायला लागल्यात. २०२० साली आलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्य युनिटसाठी ३ लाख रुपये खर्च धरलाय. त्यात सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. म्हणजे हा पोरांचा खेळ राहिला नाही, घराचा दुसरा पगार व्हायला लागलाय. आणि एका रात्रीत हौद मोकळा झाला की तो पगार बुडतो. कर्जाचा हप्ता मात्र बुडत नाही.

आता भाताचं उदाहरण घ्या. खारं पाणी शिरलं की भाताचे शेंडे वाळतात, पान टोकाकडून करपत येतं. लांबून बघणाऱ्याला वाटेल करपा पडला. पण आपण खारपट्ट्यातली माणसं त्यावर बुरशीनाशक मारतो का? नाही मारत. आपण आधी बांधावर जाऊन पाणी कुठून शिरलं ते बघतो, गोडं पाणी देऊन खार खाली उतरवतो. कारण आपल्याला ठाऊक आहे की दुखणं रोपाचं दिसत असलं तरी ते पाण्यातून आलंय. हीच अक्कल माशाच्या टाकीपाशी गेल्यावर कुठे जाते कळत नाही. मासा जरा सुस्त दिसला की निळी बाटली, ती लागू नाही पडली तर पिवळी बाटली, तीही नाही तर माणसाची कॅप्सूल फोडून पाण्यात.

मग बघायचं काय आणि कुठल्या क्रमाने? मी जे करतो ते लिहितो.

पहिली गोष्ट, किती मासे आणि किती वेळात. रात्री ठीक होते आणि सकाळी सगळे एकदम वर येऊन तोंड उघडझाप करतायत किंवा मेलेत, लहान-मोठे, सगळ्या जातींचे, तर तो बहुतेक वेळा रोग नसतो. रोग असा हजेरी घेतल्यासारखा सगळ्यांना एका रात्रीत उचलत नाही. तिथे पाणी बघा. हवेचा पंप बंद पडला का, नळाचं ताजं पाणी सरळ ओतलं का, कुणी डासांचा फवारा मारला का. हा शेवटचा प्रश्न आपल्या लोकांना मुद्दाम विचारतो. आपण फवारणी करून येतो, हात नीट न धुता टाकीत घालतो. कीटकनाशकांतली पायरेथ्रॉइड गटातली औषधं माणसाला झेपतात, माशाला थेंबभरसुद्धा झेपत नाहीत. हवेचा पंप खोलीतली हवा ओढतो, म्हणजे डासांचा फवारासुद्धा पाण्यातच जातो.

याउलट आज एक, परवा दोन, त्यातही एकाच जातीचे, अंगावर काहीतरी दिसतंय, तर रोगाचा संशय घ्या. शेतात जसं, सगळं शेत एकसारखं पिवळं पडलं तर खत-पाण्याकडे बघायचं आणि ठिकठिकाणी चट्टे पडले तर कीड-रोगाकडे, तसंच हे.

दुसरी गोष्ट, पाण्याची तपासणी. अमोनिया, नायट्राइट आणि सामू एवढ्या तीन गोष्टी मोजणारं साधं किट मिळतं. थेंब टाकायचे, रंग बघायचा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य पाहिजेत. ही भानगड शेतकऱ्याला समजावायची गरजच नाही. भाजीच्या वाफ्यात युरिया टाकला की जमिनीतले जीवाणू त्याचा आधी अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट करतात आणि ते नायट्रेट मुळं घेतात. टाकीत युरियाच्या जागी माशांची घाण आणि उरलेलं खाद्य. जमिनीच्या जागी फिल्टर. फिल्टरच्या स्पंजात हेच जीवाणू राहतात. नव्या टाकीत ते तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र आज टाकी भरतो, उद्या चाळीस मासे सोडतो, आणि दहाव्या दिवशी विचारतो कुठला रोग आला. रोग नाही आला बाबा, विरजण लागायच्या आधीच दही मागितलंस. जुन्या, निरोगी टाकीतला स्पंजचा तुकडा नव्या फिल्टरमध्ये टाका, तेच विरजण.

सामू का मोजायचा? कारण अमोनिया किती विषारी ते सामूवर ठरतं. सामू ७ चा ८ झाला की त्यातला विषारी भाग साधारण दहापट होतो. पाणी गरम असेल तर आणखी वाढतो. म्हणून शेजाऱ्याच्या टाकीत तेवढ्याच अमोनियात मासे जगतात आणि तुमच्याकडे मरतात. आपल्या किनाऱ्याच्या गावांतल्या बऱ्याच बोअरचं पाणी जड, थोडं मचूळ, त्याचा सामू वर राहतो. पावसाळ्यात साठवलेलं पाणी उलट हलकं, त्याचा सामू चटकन घसरतो. आणि रानसई धरणातून एमआयडीसीमार्फत येणाऱ्या नळाच्या पाण्यात क्लोरीन. तिन्ही पाणी वेगळी, तिन्हींचं दुखणं वेगळं. नळाचं पाणी उघड्या पिंपात एक दिवस हवा सोडून ठेवा, नाहीतर हायपोचे खडे मापाने वापरा. क्लोरीनने माशाचे कल्ले भाजतात, मासा दगडाला अंग घासतो, आणि आपण म्हणतो अंगावर जंतू पडले.

तिसरी गोष्ट, मासा हातात किंवा काचेजवळ घेऊन बघणं. कल्ले लाल तर बरं. फिके पडले तर रक्त कमी झालंय, परजीवी किंवा जुनं दुखणं. तपकिरी, चॉकलेटी झाले तर नायट्राइट. नायट्राइटमुळे रक्ताला प्राणवायू उचलता येत नाही, पाण्यात हवा भरपूर असली तरी मासा गुदमरतो. यावर औषध आपल्या उरणच्या मातीतच आहे, मीठ. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. ज्या तालुक्यात पिढ्यान् पिढ्या मिठागरं चालली, तिथली माणसं माशासाठी बाहेरून रंगीत पाणी विकत आणतात, याला काय म्हणावं?

आता सगळ्यात जास्त गोंधळ जिथे होतो त्या पांढऱ्या ठिपक्यांकडे येऊ.

अंगभर, परांवर, शेपटीवर रव्याचे कण चिकटल्यासारखे ठिपके, मासा अंग घासतोय, तर तो ठिपक्यांचा रोग, इक. हा एकपेशीय परजीवी. तो माशाच्या कातडीखाली बसतो, तिथे असताना त्याला कुठलंच पाण्यातलं औषध लागत नाही. पोट भरलं की तो सुटून तळाला पडतो, कवच करतो, आत एकाचे शेकडो होतात, आणि ती पिल्लं पोहत नवा मासा शोधतात. औषध लागतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून दोन दिवस औषध टाकलं, ठिपके गेले, बरं झालं म्हणून थांबलात तर आठवड्यात दुप्पट येतो. आपल्याकडच्या २५ ते २८ अंशांच्या पाण्यात त्याचा फेरा थोड्याच दिवसांत होतो, गार पाण्यात लांबतो. शेवटचा ठिपका गेल्यावरही उपचार चालू ठेवून एकूण दहा-चौदा दिवस धरायचे, रोज तळातली घाण ओढून काढायची. खोडकिड्याला आपण अळी खोडात शिरल्यावर वरून मारत बसतो का? ती बाहेर असते ती वेळ धरतो. तसंच हे.

पण ऐका, प्रत्येक पांढरा ठिपका इक नसतो. नर गोल्डफिश वयात आला की त्याच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला बारीक पांढरे मोती उठतात. तो जोडीला तयार झाल्याची ती खूण. असल्या धडधाकट नरांना औषधात बुडवलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. अंगावर सोनेरी धूळ बसल्यासारखं दिसत असेल तर अंधारात बॅटरी मारून बघा. तो मखमली रोग, त्याला पेटीचा उजेड बंद ठेवून उपचार करतात.

आणि कोलंबीवाल्यांसाठी वेगळं सांगतो, कारण नावाने घात होतो. कोलंबीचा व्हाइट स्पॉट आणि टाकीतल्या माशाचा व्हाइट स्पॉट यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. कोलंबीचा तो विषाणू आहे. १९९४-९५ च्या सुमारास तो आपल्या देशातल्या कोलंबी तळ्यांत आला आणि भल्याभल्यांची तळी बसली. त्याला औषध नाही. तपासलेलं बीज आणि तळ्यात तो येऊच न देणं, एवढंच हातात. माशाचा तो परजीवी, त्याला उपाय आहे. नाव एक म्हणून कुणी माशाची बाटली कोलंबीत ओतायला सांगितली तर ऐकू नका.

कापसासारखं दिसणाऱ्या दुखण्यातही असंच आहे. जखमेवर किंवा मेलेल्या अंड्यांवर खरोखर कापसाचा पुंजका उभा राहिला तर ती बुरशी. पण तोंडाभोवती पांढरट-राखाडी थर, पाठीवर खोगीर घातल्यासारखा फिकट पट्टा, तर तो जीवाणू, कॉलम्नॅरिस. बुरशीचं औषध त्याला लागत नाही. आणि इथे चुकीचं निदान थेट जीव घेतं. इक समजून कुणी पाणी ३० अंशांपर्यंत तापवलं आणि निघाला कॉलम्नॅरिस, तर त्याला ऊबच पाहिजे असते, तो दुपटीने पसरतो. एकाचा उपाय तो दुसऱ्याचं खत.

खवले उभे राहून मासा फुगला तर लोक 'ड्रॉप्सी झाला' म्हणतात. ते रोगाचं नाव नाही, लक्षण आहे. आतला अवयव निकामी झाल्याचं. तोवर बहुधा उशीर झालेला असतो. तो मासा वेगळा काढा आणि बाकीच्यांच्या पाण्याकडे लक्ष द्या. गोल्डफिश उलटा-तिरपा पोहत असेल तर आधी दोन-तीन दिवस उपाशी ठेवा, मग साल काढलेला उकडलेला वाटाणा द्या. पुष्कळदा सुक्या खाद्याने पोट गच्च झालेलं असतं. उवा आणि नांगरकिडा हे दोन डोळ्यांना दिसतात. उवा चपट्या, माशाच्या अंगावर सरकतात. रोहू-कटल्याच्या तळ्यातही याच उवा जिवावर उठतात. नांगरकिडा दोऱ्यासारखा लोंबतो, खाली लाल जखम असते. पण त्यांच्यासाठी घरातलं फवारणीचं कीटकनाशक अंदाजाने तळ्यात ओतू नका. उवा जातील, मासेही जातील, आणि उघाडीतून ते पाणी खाडीत गेलं की तिथली कोलंबी-चिंबोरीही जाईल.

मागच्या ऑगस्टमधली एक गोष्ट सांगतो. पुतण्याचे चार हौद आहेत, गोल्डफिशचे. पावसात दोन दिवस वीज गेली. वीज आल्यावर फिल्टर तसाच चालू केला. दुसऱ्या दिवशी मासे वर. त्याने फोटो काढून एका दुकानदाराला पाठवला. फोटोत कल्ल्यावर ठिपके दिसले, तिकडून उत्तर आलं, इक आहे, निळं औषध आणि सोबत कॅप्सूल. पोराने विचारल्याप्रमाणे बाराशे रुपये दिले. संध्याकाळी आणखी मासे गेले. मी गेलो तेव्हा ठिपके फक्त मोठ्या नरांच्या कल्ल्यावर, बाकी अंग स्वच्छ. पाण्याला वास. किट लावलं तर अमोनियाचा रंग पार गडद. दोन दिवस हवा न मिळाल्याने फिल्टरमधले जीवाणू मेले होते, सडलेलं पाणी हौदात आलं होतं, आणि वर कॅप्सूलने उरलेसुरले जीवाणू मारले. खाद्य बंद केलं, रोज तिसरा हिस्सा पाणी बदललं, फिल्टर हौदाच्याच पाण्यात खळबळून धुतला, दुसऱ्या जुन्या हौदातला स्पंज घातला. नायट्राइट चढायला लागला तेव्हा मीठ दिलं. सहाव्या दिवशी मरणं थांबलं. त्यात औषध म्हणून लागलं ते मीठ, किराणा दुकानातलं. तेव्हापासून वीज गेली की तो फिल्टर सोडवून ठेवतो आणि बॅटरीवरचा छोटा पंप लावतो.

मला त्या दुकानदारावर राग नाही. त्याला फोटो दिला, त्याने फोटोला औषध दिलं. राग या रीतीवर आहे. फोटोत अमोनिया दिसत नाही.

आता मापाबद्दल. पंपाला एक टोपण, ही आपली जुनी खोड इथेही आहे. टाकीला दहा थेंब! कुठल्या टाकीला? लांबी, रुंदी, पाण्याची उंची सेंटीमीटरमध्ये मोजा, गुणाकार करून १००० ने भागा, लिटर मिळतात. ६० बाय ३० बाय ३० ची टाकी ५४ लिटरची. पण वरची मोकळी जागा आणि खालचे दगड वजा केले की पाणी ४५ लिटरच. मिठाचं लांबच्या उपचाराचं माप लिटरला १ ते ३ ग्रॅम. म्हणजे या टाकीला ३ ग्रॅमने १३५ ग्रॅम, तेही वेगळ्या भांड्यात विरघळवून, तीन भागांत, दीड-एक दिवसात. बिनखवल्याच्या माशांना आणि पाणवनस्पतींना मीठ सोसत नाही, तिथे जपून. पाणी बदललं की गेलेल्या पाण्यापुरतंच मीठ परत घालायचं, कारण मीठ उडून जात नाही.

प्रतिजैविकांबद्दल माझं मत कडक आहे. जीवाणूंच्या रोगात ती कधी कधी लागतात, हे खरं. पण माशांच्या डॉक्टरच्या किंवा मत्स्य तज्ज्ञाच्या सांगण्याने, वेगळ्या टाकीत, ठरलेल्या मापाने, पूर्ण दिवस. 'सावधगिरी म्हणून' अर्धी कॅप्सूल टाकणं हा गुन्हा समजावा. ती फिल्टर मारते, जंतूंना सवय लावते, आणि पाणी जातं गटारात, गटारातून खाडीत, जिथून आपण निवटी, चिंबोरी आणतो. तीच औषधं आपल्या पोरांच्या तापाला लागतात. कोलिस्टिन हे माणसासाठीचं शेवटच्या फळीतलं औषध जनावरं, कोंबड्या आणि मत्स्यशेतीत वापरायला सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली, ती उगाच नाही. तसंच, शोभेच्या माशांच्या बाटल्यांत मॅलाकाइट ग्रीन असतं. खाण्याच्या माशाला ते वापरायला मनाई आहे. परसात गोल्डफिश आणि मागे जिताड्याचं तळं असं ज्यांचं आहे, त्यांनी दोघांची जाळी, बादल्या आणि बाटल्या वेगळ्या ठेवा.

आणि नवा मासा. कुर्ल्याच्या बाजारात येणारा बराचसा माल चेन्नई-कोलकात्याकडून पिशवीत तासन् तास प्रवास करून आलेला असतो. पिशवी उघडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. उघडल्यावर मात्र रेंगाळू नका. लांबच्या पिशवीत अमोनिया साठलेला असतो, पण कोंडलेल्या हवेने सामू खाली असतो म्हणून तो शांत असतो. पिशवी उघडली की सामू चढतो आणि तोच अमोनिया विष होतो. मासा जाळीने उचला, पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. आणि दोन-तीन आठवडे वेगळ्या हौदात. नवी गाय आणली तर आपण तिला पहिल्या दिवशी गोठ्यात बांधत नाही ना?

यावर मला उत्तर मिळतं, "काका, वीस रुपयांच्या गप्पीसाठी एवढी तपासणी कोण करतो?" बरोबर आहे, एका गप्पीसाठी नका करू. पण हौदात हजार गप्पी आहेत, आणि त्यात चार वर्षं निवडून जमवलेले आईबाप आहेत. ते गेले तर पैसे देऊन परत मिळत नाहीत. चांगलं बियाणं गेल्याचं दुःख तुम्हाला सांगायला नको. किट काही महिने पुरतं, त्याचा खर्च एका चुकीच्या औषधाएवढाच.

दुसरं उत्तर, "डॉक्टर कुठे आहे?" हे मात्र खरं दुखणं. गायीला गुरांचा दवाखाना आहे, माशाला तालुक्यात काय आहे? तशी ठिकाणं दूर नाहीत. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, १९६१ पासून. पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र, किल्ला-रोह्याला कृषी विज्ञान केंद्र. २०२३ पासून 'रिपोर्ट फिश डिसीज' नावाचं सरकारी ॲपही आहे, त्यावर माशांचा आजार कळवता येतो. पण मेलेला मासा चार तासांत सडतो, तो घेऊन बाई वर्सोव्याला कशी जाणार?

म्हणून माझं मागणं साधं आहे. एक, अनुदानाच्या युनिटमध्ये पाणी तपासणीचं किट आणि एक वेगळा हौद सक्तीचा करा. तेवढे पैसे काचा-रंगावर कमी घाला. दोन, महिन्यातून एक दिवस तालुक्याला मत्स्य अधिकारी सूक्ष्मदर्शक घेऊन बसू देत. माशाच्या अंगावरचा चिकटा काचपट्टीवर घेतला की परजीवी आहे की नाही ते पाच मिनिटांत दिसतं. आपल्या शाळा-कॉलेजांत ही यंत्रं कपाटात पडून आहेत. तीन, बाटलीवर आत काय आहे आणि लिटरला माप किती, हे मराठीत लिहिलेलं असावं. कीटकनाशकाच्या डब्यावर असतं, तर इथे का नको? चार, कृषी सेवा केंद्रवाल्यांनी प्रतिजैविकं ठेवण्यापेक्षा किट ठेवावं. कृषी सहायक आणि तज्ज्ञ मंडळी हे पान वाचतात, त्यांनी यावर बोलावं.

आपण स्वतः एक करू शकतो, वही ठेवू. तारीख, पाणी किती लिटर, किती बदललं, अमोनिया, नायट्राइट, सामू, किती मेले, अंगावर काय दिसलं. यापुढे मला फोटो पाठवणाऱ्यांनी या आठ गोष्टी सोबत लिहाव्यात. ज्यांच्याकडे वही आहे त्यांनी मागच्या पावसाळ्यातलं एक पान इथे टाकलं तर आपल्या पट्ट्यात कुठल्या महिन्यात काय होतं ते सगळ्यांनाच कळेल. पुढच्या नोंदीत मी आमच्या हौदांचं जून ते सप्टेंबरचं पान टाकतो.